बारा महिन्यांचे भाडे

निवृत्तीच्या वेळी एकरकमी हाती येणारा पैसा घरावर मजला चढवण्यात घालावा, की ठेवीत ठेवावा? निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. नांदेडच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवल्यामुळे प्रश्न आधी पूर्ण वाक्यात लिहायचा आणि मगच उत्तराला हात घालायचा, ही सवय अंगात मुरली होती.

प्रश्नाला एक अट होती. मला निवृत्तिवेतन मिळणार होते, माझ्या यजमानांना नाही. त्यांची हयात दुसऱ्याच्या कापडाच्या दुकानात उभे राहून गेली. माझ्यामागे त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, पण ते बरेच कमी. म्हणजे हा पैसा चुकीच्या जागी अडकला, तर त्याची झळ त्यांना बसणार होती.

मजल्याची कल्पना लातूरच्या थोरल्या बहिणीवरून सुचली. भावजींच्या निवृत्तीच्या पैशातून तिच्या घरावर सहा खोल्या उभ्या राहिल्या होत्या. भावजी गेल्यानंतर ती एकटीच त्या सांभाळत होती. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुली तिथे राहत. शिकवणीवर्ग आता नांदेडलाही आहेत, आणि आमच्या गच्चीवर खांबांच्या सळया घर बांधल्यापासून उभ्याच होत्या. मी एका खोलीचे भाडे गुणिले सहा गुणिले बारा असा गुणाकार मांडला. उत्तर ठेवीच्या व्याजाच्या पुष्कळ पुढे गेले.

यजमानांनी वहीत डोकावून विचारले, "बारा? तुझी शाळा तरी बारा महिने भरते का?"

मी हसले. आकडा मात्र बदलला नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागताच मी लातूरला गेले आणि ताईला वही दाखवली. तिने ती न वाचताच चाव्यांचा जुडगा माझ्या हाती दिला.

"आलीस ते बरं झालं. आठ दिवस घर सांभाळ. लेकीकडं कंधारला जाऊन येते. तीन वर्षं झाली, गेले न्हाई."

"तीन वर्षे? कंधार काही फार लांब नाही, ताई."

"अंतर मोजून राहिलीस व्हय? मास्तरीण ती मास्तरीणच. मी गेले तर पाण्याची मोटार कोण चालू करील, तुझा गुणाकार?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दार वाजले. वरच्या नळाला पाणी नव्हते. टँकर सांगायचा, तो येईपर्यंत वाट पाहायची, टाकी भरली की मोटार बंद करायची. जिना अठ्ठावीस पायऱ्यांचा. पहिल्या दिवशी मी तो सात वेळा चढले.

टँकरची वाट पाहत बादल्या घेऊन उभ्या असलेल्या मुलींपैकी एक म्हणाली, "काकू, तुम्ही गणिताच्या ना? मग टँकर किती वाजता येईल तेवढं काढून द्या की!"

सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले.

रविवारी परीक्षा झाली. सोमवारी जिन्यावरून पेट्या उतरू लागल्या आणि मंगळवारी संध्याकाळी सहाही खोल्यांना कुलपे होती. परत द्यायच्या अनामतीची पाकिटे ताईने जाण्यापूर्वीच नावे घालून कपाटात ठेवली होती. हे दरवर्षीचेच होते. नवीन होते ते फक्त मला.

ताई परतली ती रंगाऱ्याला फोन करीतच. "आता भिंती रंगवून काढायच्या. नव्या मुली येईस्तोवर असंच रिकामं."

"मग परवडतं का गं?"

"परवडतं की. मी हाय ना."

माझ्या गुणाकारात नेमकी हीच संख्या नव्हती. बारा महिन्यांची चूक लहान होती. ती खोडून कमी आकडा लिहिता आला असता. मोठी चूक अशी की ताईच्या कष्टांची मजुरी मी पैशाचे व्याज म्हणून मोजली होती. ठेवीचे व्याज माणूस अंथरुणाला खिळला तरी येते, मजुरी थांबते. ताईला ते काम पेलते, मुलींचा गलका तिला आवडतोही. आमच्याकडे मात्र उद्या मी नसले, तर तो जिना दुखऱ्या गुडघ्यांच्या यजमानांनी चढायचा होता.

आम्ही पैसा ठेवीत ठेवला. सगळा एका ठिकाणी नाही: काही बँकेत, काही टपाल कार्यालयात, मुदती वेगवेगळ्या, म्हणजे अडचण आली तर सगळ्याच ठेवी मोडाव्या लागणार नाहीत. काही ठेवींवर पहिले नाव यजमानांचे घातले. त्यांचे अर्ज त्यांनीच भरले. मी बाकावर बसून राहिले. ठेवीचे व्याज महागाईच्या मागे पडते, हे मला ठाऊक आहे. म्हणून निवृत्तिवेतनातून उरेल ते आम्ही दर महिन्याला वेगळे टाकतो.

गच्चीवरच्या सळया आजही तशाच आहेत. त्यांना दोरी बांधून यजमान कपडे वाळत घालतात. "हे भाडेकरू बरे," ते म्हणतात, "पाणी मागत नाहीत."

हे उत्तर आमच्या घराचे आहे. ते जसेच्या तसे उचलू नये. आपल्या वहीत भाड्याचे खरे महिने मोजावेत, ते काम ज्याच्यावर पडणार त्याचे वय शेजारी लिहावे, आणि माझी मांडणी कुठे चुकली आहे का, हे वाचकांनी स्वतः तपासून पाहावे, ही विनंती.