चाचांचा ओटा आणि हिरवा पट्टा

आमच्या बांगडीवाल्या चाचांना गावातल्या एकाही बाईचं नाव धड माहीत नव्हतं. त्यांना माहीत असायचं ते माप. बांगड्यांची मापं असतात ना, दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, त्याच नावांनी ते अख्ख्या बाजाराला हाका मारायचे. तहसीलदारांची बायको असो की भाजीवाली, "या दोन-चार, बसा," म्हणत ओट्यावर पोतं सरकवून द्यायचे. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा दोन-चार होते. दोन बाळंतपणं झाल्यावर चाचांनी एकदा माझा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबून पाहिला आणि भर बाजारात माझी बढती करून टाकली. "दोन-आठ," ते म्हणाले. शेजारच्या किराणावाल्यानं ऐकलं, त्याच्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं. मी अबोला धरला, पण तो टिकणार कसा? माझं मॅचिंग सेंटर त्यांच्या दुकानाला लागून, आणि दोघांचा चहा एकाच केटलीतून यायचा.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या पालिकेतले साहेब माझ्या दारात उभे राहतील, आणि ते साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, मधून मोठा रस्ता जातो, त्यावरून एसट्या, कापसाचे ट्रक आणि ट्रॅव्हल्स धावतात, आणि आमची सगळी दुकानदारी त्या रस्त्याच्या कडेला आहे, एवढं पुरे.

बांगड्या भरताना चाचा कधी तोंडाकडे बघायचे नाहीत. नजर मनगटावर आणि बोलणंही जणू मनगटाशीच. "हात सैल सोड बेटी. हात भ्याला का काच भिते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकता ऐकता बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. आपल्याकडे काचेची बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. चाचा त्या बाबतीत आमच्या सासवांपेक्षा कडक होते. एखादी तडकलीच तर "वाढली एक, दुसरी घे," म्हणायचे आणि सगळे तुकडे स्वतः वेचायचे. लेकरं अनवाणी फिरतात म्हणून दिवसातून कितीदा तरी ओट्याखाली वाकून पाहायचे.

हा ओटा त्यांच्या वडलांच्या वेळचा. काळ्या दगडाचा, बायका बसून बसून गुळगुळीत झालेला. दुकान काय, पाठीमागे एक अंधारी खोली होती, खरं दुकान म्हणजे ओटाच. नव्या नवऱ्या तिथे हिरवा चुडा भरायच्या, सुनांची गाऱ्हाणी तिथे व्हायची, कोणाची सोयरीक मोडली ते घरच्यांच्या आधी ओट्याला कळायचं. चाचा ऐकायचे सगळं आणि बोलायचे काहीच नाही. "मी हात पाह्यतो, बाकी मले काय करायचं," म्हणायचे. साफ खोटं. कोणाच्या घरी काय शिजतंय ते त्यांच्याएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग आमच्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा आला. दुकानांच्या पायऱ्यांना लागून, हिरव्या रंगाचा, बाजूला वाकणारे प्लास्टिकचे खांब. उद्घाटनाला पुढारी सायकलींवर बसले, गळ्यात हार, फोटो झाले, आणि डीपीच्या अलीकडे उतरून आपापल्या गाड्यांत बसून गेले. त्यामुळे डीपीपाशी पट्ट्याचं काय होतं हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं. तिथे विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आपल्या तारांच्या कुंपणासह पट्ट्याच्या अगदी मधोमध उभी होती. एका बाजूला चाचांचा ओटा, दुसऱ्या बाजूला मोठा रस्ता. सायकलवाल्यानं ओट्यावर चढावं किंवा ट्रकसमोर जावं, तिसरी वाट नव्हती.

बाकीच्या पट्ट्याचीही तऱ्हाच. उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या बायकांनी त्यावर कुरडया वाळत घातल्या, कारण एवढी सपाट आणि स्वच्छ जागा गावात दुसरी नव्हती. केळीवाल्यानं गाडा लावला. उरलेल्या जागेत मोटरसायकली सुसाट सुटायच्या, कारण मोठ्या रस्त्यावर ट्रक आडवे येतात आणि इथे कोणीच येत नाही. कोणीच म्हणजे आम्ही. माझ्या धंद्याची एक खोड आहे. ब्लाउजपीसचा रंग ट्यूबलाइटखाली कळत नाही, म्हणून बाई साडी आणि कापड घेऊन दुकानाबाहेर येते आणि उन्हात धरून पाहते. आता पायरी उतरली की ती थेट पट्ट्यात. एका बाईची मोरपंखी साडी हँडलला अडकून पार बँकेपर्यंत गेली. नशीब, अंगावरची नव्हती. चाचांनी त्या दिवसापासून माझ्या गिऱ्हाइकांसाठीही ओरडायला सुरुवात केली. मोटरसायकल दिसली की आतून आवाज यायचा, "दोन-सहा, मांगं व्हय." आणि बाई रंग सोडून मागे व्हायची.

पण खरा घोर होता तो शाळेच्या मुलींचा. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली सायकलींवर आमच्या गावच्या शाळेत येतात. त्यांना शाळेत सांगितलेलं, पोरींनो, पट्ट्यातूनच जायचं. त्या आज्ञाधारकपणे पट्ट्यातून यायच्या, दोघी-दोघी, गप्पा मारत, आणि डीपी आली की एकदम उजवीकडे वळून रस्त्यावर. मागून एसटी आली तर ड्रायव्हरला कसं कळावं, की या हिरव्यातून आता पोरी बाहेर पडणार आहेत? आम्ही सगळे दुकानदार बघायचो आणि जीव मुठीत धरायचो.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी प्रणाली नावाच्या मुलीनं चाचांकडून काचेच्या बांगड्या भरल्या. नववीतली, दोन-दोन, एवढंसं मनगट. सणानंतर शाळा उघडली त्या सकाळी ती डीपीपाशी वळली, मागून एसटीचा हॉर्न वाजला, तिनं घाबरून हँडल परत आत ओढलं आणि ओट्याच्या कडेवर आदळली. बस पुढे जाऊन थांबली, ड्रायव्हर उतरून पळत आला. मुलीला दुसरं काही लागलं नव्हतं. पण हातातल्या सगळ्या बांगड्या वाढल्या होत्या आणि मनगटात रुतल्या होत्या. चाचांनी तिचा हात मांडीवर घेतला आणि एकेक तुकडा काढला. "सैल सोड बेटी," ते म्हणत होते, पण त्या दिवशी त्यांचाच आवाज सैल नव्हता. मी ब्लाउजच्या टू-बाय-टू कापडाचा नवा तागा फाडून पट्टी बांधली.

दुपारी तिचे वडील आले. साधा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी सायकल उचलून उभी केली, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "बस झालं चाचा. सायकल इकून टाकतो. पोरगी घरीच राह्यल."

"अन् शाळा?"

"एसटीच्या टायमाले शाळा भरत नाही. काय करू मी? पोरगी महत्त्वाची का शाळा?"

बाप चुकीचं काहीच बोलत नव्हता. चाचांनी ओट्याखाली वाकून उरलेला एक तुकडा उचलला. मग म्हणाले, "पोयापर्यंत थांब. मी पाह्यतो."

"तुमी काय पाह्यसान?"

"ते मले अजून नाही माहीत," चाचा म्हणाले. पण प्रणालीचे वडील पोळ्यापर्यंत थांबायला कबूल झाले. तोवर पोरीला स्वतः मागे बसवून आणीन म्हणाले.

त्या दिवसापासून चाचांनी नियम केला, सायकलवाल्या हाताला काच नाही. लाखेची घे, मेटलची घे, प्लास्टिकची घे, काच मिळणार नाही. ऐन सणासुदीत. मुली रुसायच्या, आया भांडायच्या. मी म्हटलं, "चाचा, दुसरीकडून घेतील की." तर आठवडी बाजारात बसणाऱ्या बांगडीवालीलाही जाऊन सांगून आले. तिनं अर्थातच ऐकलं नाही, उलट तिचा धंदा वाढला.

मग त्यांनी अक्कल लढवली. जुन्या चमकीच्या बांगड्या सुतळीत ओवून त्याची माळ डीपीच्या बरीच अलीकडे पट्ट्यावर आडवी बांधली. वारा आला की किणकिण, ऊन पडलं की चकाकी. मुली लांबूनच हळू व्हायच्या. आम्हाला वाटलं, जमलं. तिसऱ्याच दिवशी एक मोटरसायकलवाला माळेसकट आरपार गेला आणि गळ्यात बांगड्यांचा हार घालून थेट आमच्यासमोर येऊन थांबला. चाचांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शोभून राह्यलं," ते म्हणाले, "पण हा पट्टा सायकलीचा आहे बे." बाजार हसून हसून बेजार झाला, तो पोरगाही हसला. माळ मात्र गेली.

शेवटी आम्ही दोघं पालिकेत गेलो. साहेब तरुण होते, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "चाचा, मलाही झोप लागत नाही. पण डीपी वीजवाल्यांची आहे. ती हलेल तेव्हा हलेल. पट्टा डीपीच्या आतल्या अंगानं वळवून नेता आला असता, पण तिथे..." आणि थांबले. तिथे चाचांचा ओटा होता. चाचांच्या मालकीच्या जागेत, पक्क्या कागदाचा. त्याला हात लावा असं साहेब म्हणू शकत नव्हते आणि म्हणालेही नाहीत. चाचांनी चहा बशीत ओतून संपवला. परतताना वाटेत त्यांनी एका दोन-सहाला नमस्कारसुद्धा केला नाही.

पोळ्याच्या आठवड्यात सकाळी मी दुकान उघडायला आले तर ओट्यावर दोन गवंडी आणि चाचा. पहिला दगड निघाला होता. माझा संताप संताप झाला. "चाचा, वेड लागलं का? बायका बसतील कुठं?"

"उभ्यानं भरतीन."

"उभ्यानं कोणी चुडा भरतं का?"

"हात तर तोच राह्यते न, दोन-आठ," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "त्या पोरीच्या मनगटात माही काच होती." आणि वाकून दगडाखाली पाहू लागले. तिथे वर्षानुवर्षं निसटलेले तुकडे होते, लाल, हिरवे, निळे. ते वेचत बसले. मी आत जाऊन रडले, का खोटं बोलू?

ओट्याची जागा मोकळी झाल्यावर साहेबांनीही वेळ दवडला नाही. स्वतः उभे राहून तिथे काँक्रीट टाकून घेतलं, वळणावर हिरवा रंग दिला, ठळक पांढरे बाण काढले. पोळ्याच्या सकाळी प्रणालीचे वडील बैल धुवायचे सोडून आले, पोरीची सायकल घेऊन. आधी स्वतःच सायकलीवर बसले. गुडघे हँडलला लागत होते, टोपी डोळ्यांवर आलेली. डीपीच्या आतल्या अंगानं वळले, पुढे गेले, परत आले, पुन्हा एकदा गेले. सगळा बाजार बघत होता. उतरले, चाचांना म्हणाले, "जमते." एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून प्रणाली परत एकटी सायकलवर यायला लागली.

बाकी पट्टा अजून तसाच आहे. कुरडया वाळतात, केळीवाला हटत नाही, मी अजून गिऱ्हाइकांना "मागं व्हा" म्हणून ओरडते. पण त्या वळणावर त्यानंतर एकही पोर पडली नाही.

ओटा गेल्यावर गर्दी ओसरली, ते व्हायचंच होतं. चाचांची नजरही उतरत गेली, तरी मापाला डोळे लागत नाहीत म्हणायचे. यंदा देऊळगाव राजाहून त्यांची लेक आली, म्हणाली, अब्बा, आता माझ्याकडे चला. आवरायच्या दिवशी गावातल्या सगळ्या दोन-चार आणि दोन-सहा जमल्या आणि उभ्यानं, एकमेकींना धक्के देत, बांगड्या भरून घेतल्या. शेवटी प्रणाली आली. बारावी पास होऊन, कॉलेजात जाणारी. मनगट आता दोन-चार झालेलं.

"चाचा, काच भरा."

चाचांनी हात चाचपला. "सायकल सुटली का?"

"नाही. सायकलवरच आली."

"मंग नाही."

"काऊन? तुमच्याच वळणावरून तर आली मी," ती म्हणाली. "रोजच येते. काही होत नाही चाचा तिथं."

चाचांनी तिचा हात सोडला नाही. जिथे ओटा होता तिकडे तोंड करून जरा वेळ बसले. मग खोक्यातून हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या आणि दोन्ही हातांत भरल्या. एकही तडकली नाही. "जाय," म्हणाले, "अन् घंटी वाजवत जाय."

ती घंटी वाजवत निघाली. चाचा मान कलती करून ऐकत होते. डीपीच्या आतल्या अंगानं, ओट्याच्या जागेवरून, किणकिण पुढे गेली, बँकेपाशी बारीक झाली आणि रस्त्याच्या आवाजात मिसळून गेली.

"एकही नाही वाढली," चाचा म्हणाले, आणि दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली.