लातूरच्या चौघांची सिसा

परीक्षेची पुस्तकं मी केव्हाच देऊन टाकली, नोट्सची वही कुठं गेली माहीत नाही, किस्से मात्र वाढूनच राहिलेत. कुणाच्या लग्नात आम्ही भेटलो की कुणीतरी म्हणतं, "प्रज्ञा, ते अहमदपूरचं सांग की!" आणि पंगतीत वाढपी पुढं निघून जातो तरी आमचं लक्ष नसतं. सांगता सांगता आणखी एखादा आठवतो. म्हणून आज एकदा ओळीनंच सांगून टाकते.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीची गोष्ट. मी एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. हा विभाग लातुरातून उचलून हेड ऑफिसला न्यायचं ठरलं. साहेबांनी आम्हा चौघांना केबिनमध्ये बोलावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "वर्षभरात जो सिसा पास होईल, तो इथंच ऑडिटला राहील. बाकीच्यांना शाखेत जावं लागेल."

"कोणत्या शाखेत, सर?"

"किनवटला जागा आहे."

लातूरहून किनवट म्हणजे नांदेड ओलांडून पार जंगलाच्या तोंडाशी. माझी आई इथं एकटी. केबिनमधून बाहेर आलो तेव्हा चौघांपैकी कुणीच खुर्चीत बसलं नाही. आम्ही नुसते पाण्याच्या रिकाम्या कूलरभोवती फिरत होतो.

सिसा म्हणजे बँकांच्या, कंपन्यांच्या कॉम्प्युटर यंत्रणेचं ऑडिट करणाऱ्यांची परीक्षा. अमेरिकेतली संस्था घेते. दीडशे प्रश्न, चार तास. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, आणि चारही बरोबर वाटतात! त्यातलं सगळ्यात बरोबर निवडायचं. झोप उडवायला एवढं पुरे होतं.

माधव आमच्यातला सगळ्यात लहान, मुखेडचा. त्यानं त्याच दिवशी आईला फोन लावला. "आई, मी सिसाला बसून राहिलो."

तिकडून काळजीचा आवाज आला, "शिसं? आरं, बॅटरीच्या कारखान्यात लागला का काय? हात धुऊन जेवत जा बाबा!"

*

आमच्यातले वडीलधारे म्हणजे आप्पा. शिवलिंगआप्पा, मूळचे उदगीरचे, वय बावन्न. घरी पिढ्यान्‌पिढ्या डाळीचा व्यापार, हे एकटेच नोकरीत आलेले. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय चहा नाही, आणि उदगीर जिल्हा होणार ही बातमी काढल्याशिवाय काम नाही!

त्या वर्षी ती बातमी दर आठवड्याला येत होती. आप्पांचा हिशोब सरळ होता. जिल्हा झाला की बँकेचं जिल्हा कार्यालय उदगीरला होणार, तिथं ऑडिटची जागा निघणार, मग परीक्षा कशाला? म्हणून ते फॉर्मच भरेनात. व्हॉट्सॲप उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे.

शेवटी माधव वैतागला. "आप्पा, जिल्हा कवाबी होईल. फॉर्म उद्या बंद हाय!"

शेवटच्या दिवशी आप्पा कॉम्प्युटरपुढं बसले. नाव भरलं, पत्ता भरला आणि जिल्ह्याच्या रकान्याशी थांबले. यादीतून निवडायचं नव्हतं, तिथं हवं ते टाइप करता येत होतं. आप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच टाइप केलं, 'उदगीर'.

पुढं ईमेलवर प्रवेशपत्र आलं. त्यावर ठळक छापलेलं, जिल्हा उदगीर. आप्पांनी त्याची प्रिंट काढली, सगळ्या ऑफिसात फिरवली. "बघा! मुंबईला जमलं नाही ते अमेरिकेनं केलं!"

*

क्लास नांदेडला होता, दर रविवारी. पहाटेची एसटी धरायची. रविवारशिवाय सुट्टी नाही आणि रविवारही गेला, म्हणून आम्ही बसमध्येच उजळणी करायचो. आप्पांचा आवाज मुळात मोठा. त्यात इंजिनाचा आवाज.

एका रविवारी विषय होता सर्व्हर रूमची सुरक्षा. आप्पा पुढच्या सीटवरून वळून ओरडले, "माधव! कुलूप लावलेल्या खोलीत शिरायचं तर सगळ्यात सोपा मार्ग कोणता?"

"ज्याच्याकडं कार्ड हाय, त्याच्या मागं चिकटून घुसायचं!"

"बरोबर! आणि पासवर्ड कसा काढायचा?"

"फोन करायचा, म्हणायचं मी हेड ऑफिसातून बोलून राहिलो!"

"शाबास! आता बँक बंद झाल्यावर..."

तेवढ्यात मागच्या सीटवरचे एक गृहस्थ उठले. साध्या कपड्यात होते, पण मिशी आणि बूट पोलीस जमादाराचे. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तशी ते म्हणाले, "तुम्ही चौघं जरा खाली या."

आम्ही ओळखपत्रं काढली, पुस्तक काढलं. जमादारसाहेबांनी पुस्तक उघडून सावकाश वाचलं. इंग्रजी बरं होतं त्यांचं. मग मान वर करून म्हणाले, "यात तर चोरी कशी करायची तेच लिहिलंय की!"

"नाही हो साहेब," आप्पा काकुळतीनं म्हणाले, "कशी पकडायची ते लिहिलंय."

जमादारसाहेबांनी पुस्तक मिटलं, काखेत मारलं. "मग हे आम्हाला लागतंय. तुम्ही दुसरं घ्या!"

कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा कुठं ते परत मिळालं.

*

इतर दिवशी अभ्यास आमच्या नगरातल्या विहाराच्या वाचनालयात चालायचा. तिथं दोन पंखे होते आणि कुणी हाकलत नव्हतं. वाचनालय बंद असलं की आमच्या घरी. आई नर्सच्या नोकरीतून रिटायर झालेली. आमच्या समोर बसून भाजी निवडायची आणि ऐकायची.

एकदा प्रश्न असा निघाला. सर्व्हर रूमला आग लागली आहे, सगळ्यात आधी काय कराल? मशीन बंद कराल, अग्निशमनाला फोन कराल, बॅकअपच्या टेप बाहेर काढाल, की माणसं बाहेर काढाल?

झालं, जुंपली! आप्पा म्हणाले बॅकअप. डेटा गेला तर बँक गेली. माधव म्हणाला मशीन बंद. मी म्हणाले फोन. चौथा आमचा शाहेद, नांदेडचा. तो म्हणाला, "आरे कैको भांडून राहिले? लाइट गई तो मशीन आपोआप बंद!" पंधरा मिनिटं कुणी कुणाचं ऐकेना. उन्हाळा, डोक्यावर परीक्षा, प्रत्येकाचा आवाज चढलेला.

आईनं मेथीची जुडी ताटात आपटली. "मेल्यांनो, माणसं काढा की आधी बाहेर! ती जळून राहिली का आत?"

आम्ही पुस्तकाच्या मागं उत्तर बघितलं. आईचं बरोबर होतं.

आप्पा उठून उभे राहिले, हात जोडले. "आक्का, फॉर्मची तारीख गेली. नाहीतर तुमचाच भरला असता!"

*

क्लासचे सर हैदराबादहून यायचे. त्यांनी एकदा आग विझवण्याच्या यंत्रणा शिकवल्या. म्हणाले, "छतातल्या पाइपात कायम पाणी भरून ठेवलं तर गळून मशीन खराब होतात. म्हणून कोरडा पाइप चांगला. ड्राय पाइप! त्यात एरवी पाणी नसतं, गरज पडली की सोडतात. तुमच्यापैकी कुणी बघितलाय?"

चौघांचे हात वर.

सर खूश झाले. "अरे वा! कुठं?"

शाहेद म्हणाला, "लातुरात, सर. घरोघर है!"

*

परीक्षा हैदराबादला झाली. बाहेर आलो तेव्हा माझ्या बोटांना पेन्सिलीचं काळं लागलं होतं आणि एकही प्रश्न आठवत नव्हता. निकाल कित्येक आठवड्यांनी लागणार होता. हे आठवडे परीक्षेपेक्षा वाईट गेले. मी दूध गॅसवर ठेवून फोन बघत बसायची आणि दूध उतू जायचं. माधव तर लंच ब्रेकमध्ये जिन्यावरून वरखाली करायचा. आप्पांनी ईमेल इतक्या वेळा उघडला की एक दिवस खातंच लॉक झालं. संशयास्पद हालचाल म्हणून!

शांत होता तो फक्त शाहेद. "टेन्शन नक्को लेव. आयेगा तो आयेगा."

आला. मी पास, माधव पास. आप्पा काठावर का होईना, पास! शाहेद नापास.

आम्हाला नेटवर्कचा धडा कागदावर तारा काढून काढून शाहेदनंच शिकवला होता. तोच धडा मला परीक्षेत तारून गेला. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी पेढे आणले नाहीत. शाहेदनं सगळ्यांशी हात मिळवला, आपल्या टेबलाचे खण रिकामे केले, फडक्यानं टेबल पुसलं. मग ते फडकं धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही. नळाला पाणी नव्हतं हे आम्हाला माहीत होतं. कुणी बघायला गेलं नाही.

महिन्याभरात तो किनवटला गेला. आठ दिवस फोन नाही. आम्ही केला तर उचलेना. आप्पा अस्वस्थ. "पोरगं नाराज झालं. आपण गाडी करून जाऊन येऊ."

नवव्या दिवशी त्याचाच फोन आला. आप्पांनी स्पीकर लावला. "शाहेद, कसा आहेस बेटा?"

"आप्पा, सर्टिफिकेट मिला क्या तुमको?"

"मिळेल आता. तू सांग, तुझं कसं?"

"आखरी आंघोळ कब किये तुम लोग?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आप्पा चाचरत म्हणाले, "परवा... नाही, तेरवा."

"मै रोज करतूं!" शाहेद ओरडला. "क्वार्टरला बोअर है आप्पा! दो टाइम!"

*

शेवटचा किस्सा माधवचा. तो स्वतः सांगत नाही, म्हणून मी सांगते.

सिसाची परीक्षा पास झालं म्हणजे लगेच सर्टिफिकेट मिळत नाही. ऑडिटच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो, वरिष्ठांची सही लागते. माधवला ऑडिटसाठी पहिली शाखा मिळाली ती नेमकी मुखेडची. तिथं त्याचे चुलते शिपाई. माधवनं साहेबांना लेखी दिलं, "माझे काका तिथं आहेत." साहेब म्हणाले, "दुसरं कुणी मोकळं नाही. प्रज्ञाला सोबत ने."

सकाळी आम्ही शाखा उघडायच्या आधीच पोचलो. काकांनी कुलूप काढलं, फरशी झाडली, मॅनेजरसाहेबांचं टेबल पुसलं. मग खुर्चीच्या कडेला टेकून त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि एका बोटानं, शांतपणे, साहेबांचा पासवर्ड टाकला. पुरी दहा अक्षरं. चष्मा न लावता!

मी माधवकडं बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

मॅनेजरसाहेब आले. भला माणूस. विचारलं तर लपवलं नाही. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मॅडम. ऑपरेशनला रजा मागतोय, माणूस मिळत नाही. मला अक्षरं दिसत नाहीत, मारुतीच उघडून देतो. इतक्या वर्षांत काडीची गडबड नाही."

ते खरं असणार. पण पासवर्ड ज्याचा त्यालाच ठाऊक असावा, हा तर आमच्या पुस्तकातला पहिला धडा. लिहिलं की साहेबांना नोटीस आणि काकांची चौकशी. नाही लिहिलं तर माधवनं पहिल्याच रिपोर्टवर खोटी सही करायची.

दुपारी काकांनी घरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताकाचा तांब्या आणला. आम्ही जेवेपर्यंत बाजूला उभे राहिले. "घे की अजून. शहरात असं मिळत न्हाई." माधवचा पहिलाच घास तोंडात फिरत होता.

ते ताट घेऊन आत गेल्यावर मी म्हणाले, "माधव, एवढा मुद्दा मी लिहिते. खाली सही माझी राहील."

"न्हाई ताई," तो म्हणाला. "शाखा माझ्या नावावर हाय."

त्यानं लॅपटॉप ओढला. चार ओळी लिहायला त्याला तास लागला. पुसायचा, लिहायचा, उठून दारापर्यंत जायचा, परत बसायचा. काका दोनदा चहा ठेवून गेले. शेवटी त्यानं रिपोर्ट पाठवला आणि लॅपटॉप मिटून त्यावर दोन्ही हात ठेवून बसला.

स्टँडवर सोडायला काकाच आले. दोन्ही बॅगा त्यांनीच उचलल्या, द्या म्हटलं तर देईनात. आम्हाला खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. बाजाराचा दिवस, गर्दी.

मग काकांनी विचारलं, "लिव्हलंस?"

माधव मान खाली घालून म्हणाला, "लिव्हलं, काका."

"माझं नाव घालून?"

"हाव."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बस हलली तसे काका खिडकीच्या गजाला हात लावून चालायला लागले. चार पावलं, आठ पावलं. माधव वर बघेना. मग त्यांनी गजावर बोटानं टकटक केलं.

"आरं, मारोती लिव्हलंस ना? हापिसात समदे मारुती लिव्हतेत!"