कुंपणाखालचे पाय

चकवा, बाधा असलं काही मी कधीच मानलं नाही. ज्या वडाला आमचं गाव घाबरायचं, त्याच्याखालून मी लहानपणी शेण वेचून आणायचे. म्हणून हे कुणाला सांगायची लाज वाटते... वहीत लिहून ठेवते.

दोन हजार सहाच्या सुमाराला इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत मी एका होस्टेलमध्ये लाद्या पुसायचे. लहान मुलांशी वाईट वागून तुरुंगात गेलेली माणसं तिथे ठेवायचे. शिक्षा संपलेली, पण मोकळं सोडायला सरकार घाबरतं अशी. घरी मी ‘म्हाताऱ्यांचं होम’ म्हणून सांगितलं होतं. नात रिया सहा वर्षांची. सुनेला खरं कळलं असतं तर...

कोपऱ्यातल्या खोलीतल्या एकावर सगळ्यांत कडक पहारा. घोट्याला, तो कुठे आहे ते कळवणारं यंत्र, जाईल तिथे कॅमेरा, बाहेर निघाला की सोबत दोन माणसं. आमची मॅनेजर मॉरीन म्हणायची, “याला सांभाळायच्या खर्चात एका शाळेला टीचर मिळतील, लव्ह. आणि मला तुझ्यासाठी नवा मॉप मागता येत नाही!”

मी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. मॉपचा दांडा दोनदा आपटायचा, की बसलेला माणूस पाय वर घ्यायचा. मी पायच ओळखायचे. त्याचे तपकिरी चौकडीचे स्लीपर, डावी टाच दबलेली, वर ते काळं यंत्र.

एका मंगळवारी सव्वातीनला रियाला आणायला शाळेत गेले. कुंपणाला हिरवी ताडपत्री होती, खाली वीतभर मोकळं. तिथे पलीकडे पाय दिसले... तेच स्लीपर. तेच यंत्र.

रियाचा हात धरून वळसा घालून धावले.

“आजी, तू का पळतो?” रियाने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं.

पलीकडे कुणी नव्हतं.

सकाळी मॉरीनला सांगितलं. ती हसली नाही. तिने कालचं रेकॉर्डिंग लावलं. तो टीव्हीसमोर खुर्चीत. सव्वातीनलाही तिथेच. मला हायसं वाटणार, इतक्यात त्याने दोन्ही पाय वर उचलले. तसेच धरून ठेवले... समोर कुणी लादी पुसत असावं तसे. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तर तेव्हा शाळेत होते.

“पाय आखडले असतील,” मॉरीन म्हणाली. “यंत्र म्हणतं तो इथे होता, कॅमेरा म्हणतो इथे होता, ड्यूटीवरच्या दोघांनी सही केली आहे. लोकांचा एवढा पैसा ओतून आम्ही काय खोट्या माणसावर पहारा देतो?”

मी मॉप उचलून कामाला लागले. पण रियाच्या बाबतीत गप्प बसवेना. संध्याकाळी सुनेला, वैशालीला, सगळं सांगितलं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. “तीन वर्षं, आई? आणि त्याच हातांनी रियाला भरवत होतात?” मग म्हणाली, “चेहरा सांगा. उद्या टीचरला सांगते, लक्ष ठेवतील.”

“पायच दिसले गं.”

“पण कामावर रोज दिसतो ना?”

तीन वर्षांत मी एकदाही वर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं. भुऱ्या भुवया, पिकलेले केस, चष्मा, नीट केलेली दाढी. तो माझ्याकडे बघून मान लववून हसला. बसमध्ये जागा देणारा कुणी म्हातारा हसावा तसा.

घरी येऊन तसंच सांगितलं. वैशालीने लिहून घेतलं, वाचलं, आणि पेन खाली ठेवलं. “आई, हा तर कुणीही असू शकतो.”

काम मी त्याच आठवड्यात सोडलं. टीव्हीसमोर बसलेला तो होता की कुंपणामागचा, मला अजून कळलेलं नाही. मॉरीनला माझं पटलं नाही. वैशालीला मात्र पटलं असावं. तेव्हापासून रियाला आणायला ती ऑफिसमधून लवकर निघायची. मी घरी रिकामी बसलेली असायचे, तरी मला तिने कधी पाठवलं नाही.