लाल कंदील आणि नीनोचा बुरूज

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकता ऐकता एका गृहस्थांना असा ठसका लागला, की मला वाटलं, आता यांचंही पाप माझ्याच माथी!

मी भित्रा आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. जन्मभर विद्यापीठात संदेशयंत्रणांची विश्वासार्हता शिकवली. म्हणजे कुठली गोष्ट कशी कशी बिघडू शकेल, याचा विचार करण्याचा मला पगार मिळायचा. निवृत्त झालो, पगार थांबला. विचार काही थांबला नाही. स्टोव्ह बंद केला का, हे बघायला मी एकदा हायवेवरून गाडी परत आणली आहे. त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाकच झाला नव्हता.

आता नीनोबद्दल सांगतो. इथे कॅनडात, मार्कहॅमला आमच्या बॅकयार्डला लागून त्याचं बॅकयार्ड, मध्ये एक लाकडी कुंपण. नीनो इटलीचा, समुद्रकाठच्या एका छोट्या गावचा. तरुणपणी इथे आला, आयुष्यभर लोकांची घरं बांधली. बायको गेली, मुलं व्हँकुव्हरकडे. गेल्या वर्षी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि घोर मला लागला. हा माणूस एकटा. काही झालं तर कळणार कसं? मी रोज सकाळी फोन करून विचारू लागलो, "नीनो, बरा आहेस ना?"

"काल होतो," तो म्हणायचा. "आज अजून बघितलं नाही."

शेवटी उपाय त्यालाच सुचला. त्याच्या गावाभोवतीच्या शेतांत, ऑलिव्हच्या झाडांमध्ये, जुने दगडी बुरूज आहेत. पूर्वी समुद्रावरून चाचे यायचे, माणसं पळवून न्यायचे आणि गुलाम म्हणून विकायचे. म्हणून लोकांनी टेकाडांवर बुरूज बांधले. दार जमिनीलगत नाहीच! ते वर, दोन पुरुष उंचीवर. गलबतं दिसली की बायकापोरं शिडीने वर चढणार, शिडी वर ओढून घेणार आणि गच्चीवर जाळ करणार. तो जाळ बघून पलीकडच्या बुरुजावर जाळ, त्याच्या पलीकडे आणखी एक. मग गावकरी कोयते-कुदळी घेऊन धावणार.

"आजोबांच्या शेतातल्या बुरुजात आम्ही कोंबड्या ठेवायचो," नीनो म्हणाला. "पण भिंत बघ प्रोफेसोरे, अजून सरळ उभी!"

मला तो प्रोफेसोरेच म्हणतो.

आमच्या वरच्या मजल्याच्या मागच्या खिडकीतून त्याची वरची खिडकी दिसते. झाले दोन बुरूज! ठरलं, की संकट आलं तर वरच्या खिडकीत लाल दिवा लावायचा. दुसऱ्याने तो बघितला की आधी पोलिसांना फोन करायचा, मग धावायचं. लाल रंग ही माझी सूचना. त्यावर मी त्याला व्याख्यानही दिलं. "चुकूनसुद्धा लागणार नाही असा रंग हवा. पांढरा, पिवळा दिवा कुणीही लावेल. पण घराच्या खिडकीत लाल दिवा कोण लावतो?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

दिवाळी आली. माझी मेहुणी प्रभाताई नागपूरला असते. तिने आकाशकंदील पाठवला. सुरेख, लालबुंद, खाली सोनेरी झिरमिळ्या. त्या सुमाराला आमच्या भागात घरं फोडल्याच्या बातम्या व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. दिवाळीत आपल्या लोकांच्या घरात सोनं बाहेर निघतं, हे आता चोरांनाही ठाऊक झालंय म्हणे. मग कंदील समोर लावणं म्हणजे त्यांना आमंत्रणच की! म्हणून मी काय केलं?

बरोबर. वरच्या मजल्यावर, मागच्या खिडकीत लावला.

संध्याकाळी अंधार पडू लागला तसा मी वर जाऊन दिवा सुरू केला आणि खाली स्वयंपाकघरात आलो. माझा फोन बैठकीत चार्जिंगला. कुमुद, म्हणजे माझी बायको, वर जाऊन प्रभाताईशी व्हिडिओवर बोलत बसली. नागपूरला तेव्हा नरकचतुर्दशीची पहाट होत होती, अभ्यंगस्नानाची गडबड चालली होती.

मी चकलीचा डबा उघडला, सहज काचेच्या दारातून बाहेर पाहिलं, आणि चकली हातातच राहिली.

कुंपणावरून एक माणूस चढत होता! डोकं, कान, तोंड सगळं झाकलेलं. नुसते डोळे उघडे. हातात फावडं! तो आमच्या गुलाबांत धप्पकन पडला, उठला आणि सरळ दाराकडे यायला लागला.

ओरडलो का? कुठलं! पण बुरुजाचं शिक्षण कामाला आलं. मी धावत जिन्याने वर.

"कुमुद! चोर! शिडी वर ओढ!"

"कुठली शिडी?"

"दार! दार लाव! फोन दे तुझा, पोलिसांना ९११ लावतो."

तिच्या हातातून फोन ओढून मी प्रभाताईला कापलं. ९ दाबला, तोच फोन वाजला आणि घाईत बोट त्यावरच पडलं. पुन्हा प्रभाताई!

"भाऊजी, कापलात का हो? उटणं दाखवत होते ना मी."

"ताई, घरात चोर शिरतोय!"

"काय? आवाज येत नाहीये. थांबा, अंगणात जाते, तिथे रेंज छान आहे."

मी कापला. तिने लावला. मी परत कापला, तिने परत लावला. खाली काचेवर फावड्याचा दांडा धाडधाड आपटत होता, माणूस काहीतरी ओरडत होता. आणि नेमकं त्याच क्षणी नागपूरच्या अंगणात कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला.

धडाड् धूम्!

फोन स्पीकरवर. खिडकी वीतभर उघडी. बाहेर आरडाओरडा दुप्पट. पुन्हा धडाड्! मी पलंगाच्या कडेला बसकण मारली. कुमुद मात्र खिडकीतली समई उचलून उभी. आमच्या घरात शौर्याची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे.

तेवढ्यात मला आठवलं. नीनो! सिग्नल!

ड्रॉवरमध्ये लाल टॉर्च ठेवला होता. तो घेतला, गुडघ्यांवर रांगत खिडकीशी गेलो, पडदा सारला.

तर खिडकीत लाल दिवा आधीच लागलेला!

देवाशप्पथ सांगतो, पहिल्यांदा मला वाटलं, देवच धावून आला.

"अहो," कुमुद म्हणाली, "हा तुम्हीच लावलात ना मघाशी?"

आता मला सांगा, अशा वेळी माणसाने कुठे बघावं? मी खाली बघितलं. पोलीस मागच्या अंगणात पोचले होते. टॉर्चच्या झोतात तो चोर हात वर करून उभा होता. फावडं पायाशी. डोक्याला तपकिरी माकडटोपी, आणि टोपीच्या कानापाशी हिरव्या लोकरीची ठिगळासारखी वीण.

ती वीण कुमुदची. टोपी माझी. गेल्या हिवाळ्यात नीनोला ऑपरेशननंतर थंडी बाधू नये म्हणून मीच त्याला दिलेली. फावड्याचं म्हणाल, तर अंजिराचं झाड थंडीत मरू नये म्हणून तो ते दर वर्षी वाकवून मातीत पुरतो. दुपारभर त्याला खणताना मी या खिडकीतूनच पाहत होतो!

खाली जाऊन दार उघडलं. पोलिसांतली एक तरुण पंजाबी मुलगी होती. तिने वर कंदिलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अंकलजी, ये बंदा आपका है?"

"जी, मेरा ही है."

"तो गोली किसने चलाई?"

कुमुदच्या हातातल्या फोनमधून धडाड् धूम्! दोघं पोलीस खाली वाकले. पाठोपाठ प्रभाताईचा आवाज, "आता येतंय का ऐकू? हॅपी दिवाळी हो!"

ती मुलगी हसू दाबत होती. पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. नीनो पायरीवर बसला होता, एक हात छातीवर. चोराला भ्यालो त्याच्या शंभरपट आता भ्यालो. माझ्या कंदिलाने हा माणूस जाणार!

"नीनो, दुखतंय का? बोल ना!"

त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "तू फोन उचलला नाहीस. मग गोळ्यांचे आवाज. वाटलं, प्रोफेसोरे गेला. आता रोज सकाळी मी मेलो का, हे कोण विचारणार मला?"

अँब्युलन्स येऊन त्याची नाडी, ब्लड प्रेशर तपासून गेली. ठणठणीत! त्यांनी जाता जाता माझंही ब्लड प्रेशर बघितलं आणि घोटाळा झाला. ते मलाच घेऊन जायला निघाले. कसंबसं थोपवलं. चकल्या सगळ्यांनी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी नीनो आला. "नियम बदलू या, प्रोफेसोरे. तू रोजच घाबरलेला असतोस. तेव्हा तो लाल दिवा लागलेलाच राहू दे. ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशी मी समजेन, काहीतरी बिघडलं."

खरं सांगू? यंत्रणा अशीच असायला हवी. वर्गात मी जन्मभर हेच शिकवलं होतं. मान खाली घालून कबूल झालो आणि पुन्हा दार वाजवायची वेळ नको म्हणून घराची किल्लीही त्याला दिली.

तेव्हापासून आमचा आकाशकंदील लागलेलाच आहे. फेब्रुवारीत बर्फ शोव्हल करताना शेजारीण विचारते, "तुमची दिवाळी संपते तरी कधी?" मी नुसता हसतो. घोर मात्र नवाच लागलाय. बल्ब गेला तर?

परवा संध्याकाळी गेलाच. घाईघाईने स्टुलावर चढलो, नवा बल्ब बसवला, हुश्श केलं आणि मागे वळलो. तर खोलीच्या दारात माकडटोपी घातलेला एक माणूस, हातात फावडं!

आता तरी मी ओळखायला हवं होतं, नाही का?

स्टुलावरूनच किंचाळलो, "कुमुद! शिडी वर ओढ!"