दीड किलोची तूट

ज्या वस्तूची आत येताना नोंद झाली नाही ती या जगात आलेलीच नाही, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान निघोजे गावचे, जुन्या शेतकरी घरातले. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर त्यांनी पंचवीस वर्षं काढली. आत येणारा माल मोजायचा, बाहेर जाणारा मोजायचा आणि दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय डबा उघडायचा नाही, ही त्यांची नोकरी. नोकरी संपली, सवय काही संपली नाही. माझ्या मुलीच्या बारशाला हे दारात वही घेऊन बसले आणि आल्यागेल्याच्या चपलांची नोंद करू लागले. पाहुणे आधी हसले, मग चिडले. पण चिंचवडच्या आमच्या सोसायटीत एकाचीही चप्पल बदलून गेली नाही असं कार्य आजवर तेवढं एकच झालं, हे मान्य करायला हवं.

मी शिकवतो त्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थी इंटर्नशिपला येऊ लागले तेव्हा त्यांचे कागद सांभाळायला एक अनुभवी माणूस हवा होता. साडूभाऊंचं नाव मीच सुचवलं. तेव्हापासून कुलसचिवांच्या ऑफिसात मला कोणी चहा विचारत नाही. परदेशी पाहुण्यांना कसं ठेवावं याची एक जाडजूड नियमावली विद्यापीठाने काढली होती. ती कुणी लिहिली हे कुणालाच माहीत नव्हतं आणि ती वाचली फक्त साडूभाऊंनी. एका कलमात म्हटलं होतं, विद्यार्थ्याने वसतिगृहातच राहावं. लगेच खालच्या कलमात, त्याला स्थानिक जीवनाचा परिचय करून द्यावा. साडूभाऊंनी दोन्ही पाळायची ठरवून गावातल्या चार म्हाताऱ्यांना रिक्षात घालून वसतिगृहावर आणलं आणि परिचयासाठी जिन्यात ओळीने बसवलं. म्हातारे दुपारभर बसले, चहा प्यायले आणि आपल्याला कशाला आणलं होतं हे एकमेकांना विचारत परत गेले.

व्हिसा या प्रकरणावरून तर त्यांनी माझी झोप उडवली. "पाव्हणं, ह्यो व्हिसा म्हंजी गेटपासच की. पर कुणाच्या गेटचा? त्यांच्या का आपल्या?" मी म्हटलं, आपल्या देशाच्या. "मंग देशाच्या गेटावर येकदा नोंद झाली, तर ज्याच्याकडं पोरगं उतरलं त्यानं पुन्ना चोवीस तासात पोलिसांना कशापायी कळवायचं? पैल्या नोंदीवर भरवसा न्हाई व्हय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काय सांगायचं होतं तेच विसरलो. त्यांच्याशी बोलताना माझं नेहमी असं होतं. समजावायला म्हणून जातो आणि आपल्याकडे होतं तेही हरवून येतो.

त्या सगळ्या नियमांत एकच वाक्य त्यांना आरपार कळलं होतं: विद्यार्थी सुस्थितीत परत गेल्याची नोंद सहीनिशी करावी, त्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. कंपनीत चार दिवसांसाठी बाहेरून साचा आला की तो आला तसाच परत धाडायचा असतो. तेव्हा पोलंडहून टोमाश नावाचा उंचाडा मुलगा आला, त्या पहिल्याच दिवशी साडूभाऊंनी त्याला उजेडात उभं करून वहीत लिहिलं: पुढचा एक दात तिरका, डाव्या कोपरावर जुना ओरखडा, खोकला नाही, वजन एकाहत्तर किलो. वजन भांडारातल्या पार्सलच्या काट्यावर झालं. ही या देशाची रीतच असेल असं समजून टोमाश बूट काढून, हात जोडून काट्यावर उभा राहिला.

पुढे गावची जत्रा आली. स्थानिक जीवनाचं कलम होतंच. साडूभाऊंनी त्याला घरी जेवायला नेलं, आणि पाहुण्याने मटणाचा रस्सा तीनदा मागून घेतल्याचं निघोज्यात अजून कौतुकाने सांगतात. चौथ्या दिवशी टोमाश दवाखान्यातून परतला तो गालफडं बसलेला. काट्याने सहासष्ट दाखवले.

निघायला तेव्हा आठ दिवस उरले होते. साडूभाऊ सही करेनात. सही नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर टोमाशचं तिकडचं वर्ष बुडणार. कुलसचिवांनी त्यांना बोलावून विचारलं, "अहो, वजनाचं कलम कुठं आहे यात?"

"न्हाई सायेब. पर सुस्थितीत म्हंजी काय, ते तरी कुठं लिव्हलंय?"

कुलसचिवांनी नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. व्याख्या नव्हती. मग मला बोलावून ते कोरडेपणाने म्हणाले, "तुमचे साडू आहेत, तुम्हीच बघा." मी काय बघणार? माझी मेव्हणी मात्र कामाला लागली. आधी मऊ भात आणि तूप, मग भाकरी आणि दूध, मग शेंगदाण्याचे लाडू. शेजारणींनी वार लावून घेतले. टोमाश मराठीतला 'बास' हा एकच शब्द शिकला आणि तो कुणी ऐकत नाही हेही शिकला. रोज संध्याकाळी काट्यावर चढणं होई. साडूभाऊ चष्मा पुसून काटा वाचत आणि अपराध्यासारखे खाली बघत. तो रस्सा त्यांच्या घरचा होता, हे ते एकदाही विसरले नाहीत.

शेवटच्या सकाळी काटा साडेएकोणसत्तरवर थांबला. बाहेर गाडी उभी होती. मी हात जोडले. "साडूभाऊ, करा हो सही. पोराचं वर्ष जाईल."

"करतो की. वर्ष कशाला घालवू त्याचं? पर खोटी न्हाई करायचो."

प्रमाणपत्राला जोडून जाणाऱ्या नोंदीवर त्यांनी सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: 'दीड किलो कमी. चूक आमची. पुन्हा आल्यास भरून देऊ.' खाली इंग्रजी भाषांतर मला करावं लागलं. टोमाशने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि वाकून साडूभाऊंना मिठी मारली. हात कुठे ठेवायचे हे न समजून त्यांनी वही छातीशी घट्ट धरली.

महिन्याभराने तिकडच्या विद्यापीठाचं पत्र आलं. प्रमाणपत्र मंजूर होतं, गुणही मिळाले होते. फक्त एक विनंती होती, की दीड किलो नेमकं कशाचं कमी आहे ते कृपया कळवावं. उत्तराचं काम माझ्याकडे आलं. मी अनेकदा लिहायला बसलो, पण एका माणसाने दुसऱ्याच्या लेकराची एवढी काळजी का करावी, हे कोणत्या कलमाखाली लिहायचं ते मला अजून उमगलेलं नाही. साडूभाऊ भेटले की विचारतात, "धाडलं का उत्तर?" मी खोटंच सांगतो की धाडलं. शिकवायला लागून मला वीस वर्षं झाली. माझ्या हातून किती मुलं बाहेर पडली याचा आकडा ऑफिसात मिळेल. पण येताना ती कशी होती, हे मला त्यांतल्या एकाचंही सांगता येणार नाही.