स्वतः बांधलेला कर्नेल

बर्नी गावच्या रेडिओ केंद्रातला कॉम्प्युटर बारा वर्षं मर्व्हिन ट्रँटरच्या ताब्यात होता, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मर्व्हिनला खपत नसे. त्यावरच्या लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, तयार मिळतो. शहाणी माणसं तोच चालवतात. मर्व्हिन मात्र दर आवृत्तीला तो स्वतः बांधायचा, नको ते छाटायचा आणि बांधणी चालू असताना पंख्याची घरघर ऐकत खुशीत बसायचा.

मग दोन वर्षांपूर्वी केंद्रात ग्लेनिस आली. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. तिच्या लॅपटॉपवर लिनक्सच, पण सगळं तयार. अपडेट आलं की "हो" म्हणायची, संपलं. तरी अडलं की लोक तिलाच विचारू लागले. मर्व्हिनचा नुसता जळफळाट. तिनं आणलेले लॅमिंग्टन केकसुद्धा त्याच्या घशाखाली उतरेनात.

शनिवारच्या सभेत ठरणार होतं, यापुढे मशीन कुणी सांभाळायचं. मर्व्हिननं शुक्रवारी दुपारी खास नवा कर्नेल बांधला. त्या घटकेला मशीनला जे जोडलेलं होतं तेवढ्याचीच यादी घेतली आणि बाकीच्या उपकरणांना ओळखणारा सगळा भाग कर्नेलमधून उडवला.

शनिवारी मशीन चार सेकंदांत उठलं.

"बघ ग्लेनिस," तो म्हणाला, "तुझं तयार धूड अजून जांभया देत असतं!"

लोक हसले. मग केंद्र चालवणाऱ्या डॅरिलनं माइकची पेटी जोडली. मशीन तिला ओळखच देईना. शुक्रवारी ती दुरुस्तीला गेलेली, त्यामुळे यादीत आलीच नव्हती. कार्यक्रमाला दहा मिनिटं उरलेली. मर्व्हिन पेटीची वायर काढून पुन्हा पुन्हा लावत राहिला.

ग्लेनिसनं मशीन पुन्हा सुरू केलं आणि सुरुवातीच्याच पडद्यावर जुना, तयार कर्नेल निवडला. माइक चालू झाला.

"बरं झालं तू हा ठेवला होतास, मर्व्ह."

"टोमणा मारतेस?"

"टोमणा कसला रे! मी असते तर विसरले असते."

"मग आजपासून ग्लेनिसच बघेल," डॅरिल म्हणाला.

"मी? छे रे बाबा! माझ्या टोमॅटोंकडे कोण बघणार? मर्व्हच राहू दे. तयार कर्नेल लावला की महिन्याला पाच मिनिटांचं तर काम."

सगळ्यांनी हात वर केले.

काम मर्व्हिनकडेच राहिलं. तिनं ते हिसकावून घेतलं असतं, तर त्याला तिला जन्मभर शिव्या तरी देता आल्या असत्या. ज्या जागेसाठी तो दोन वर्षं जळत होता, ती तिला कधी नकोच होती, हे मात्र त्याला काही केल्या सोसेना.