शेवटी येणारं नाव
झेंडूचा वास आला की गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमधली ती रविवारची दुपार आठवते. थिएटरच्या दारात चिवड्याचा डबा काढून घेतला म्हणून आदल्या आठवड्यात मी सिनेमा न बघताच भांडून परत आलो होतो. तो राग अजून गेला नव्हता. कॉलेजातल्या मुलीला म्हटलं, "तोच सिनेमा फुकट उतरव, अख्ख्या सोसायटीला दाखवतो." ती हसली, "पप्पा, आम्ही सगळे तसेच बघतो. किती ॲपचे पैसे भरायचे?" रविवारी हॉलमध्ये गेटवरची फूलवाली मावशीही आली, जिच्याशी मी रोज हाराच्या भावावरून घासाघीस करायचो. तिच्या लेकीने त्या सिनेमाचे कपडे शिवले होते. "शेवटी माझ्या पोरीचं नाव येतंय, दादा," ती भेटेल त्याला सांगत होती. सिनेमा संपला आणि नावं यायच्या आतच पडद्यावर जुगाराची जाहिरात किंचाळायला लागली. लोक उठले, मावशी बसूनच राहिली. "अजून यायचंय ना?" तिने विचारलं. मी मुलीवर ओरडलो, "अर्धवट का उतरवलास?" ती म्हणाली, "चोरीचा माल आहे पप्पा, असाच मिळतो." तेवढ्यात मावशीच्या लेकीचा फोन आला. "दिसलं गं बाई, लय मोठ्या अक्षरात दिसलं," मावशी म्हणाली आणि मला हातानेच गप्प राहायची खूण केली. धंद्यात हातगाडीपासून दुकानापर्यंत मी तोंडाच्या जोरावर आलो, पण तिला 'मावशी, माझं चुकलं' एवढं आजवर म्हणता आलेलं नाही.